गोळी गिळल्यानंतर: आतड्यातले जिवाणू आणि आपली औषधं

सोनामुखीचं चूर्ण रात्री झोपताना घ्यायचं आणि सकाळी पोट साफ होतं, हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे. एरंडेल त्या मानाने घाईचं. सकाळी घेतलं की दुपारच्या आत धावपळ सुरू. दोन्ही रेचकंच, मग एकाला रात्रभर का लागते? एरंडेल फोडायचं काम लहान आतड्यातले आपलेच पाचकरस करतात. सोनामुखीतले सेनोसाइड्स त्या पाचकरसांना दाद देत नाहीत. ते जसेच्या तसे मोठ्या आतड्यापर्यंत उतरतात. तिथले जिवाणू त्यांना चिकटलेली साखर सोडवून घेतात, आणखी एक रासायनिक बदल करतात आणि मग कुठे आतड्याला हलवणारं द्रव्य तयार होतं. चूर्ण घेतो आपण, त्याचं औषध बनवतात जिवाणू. कडक अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना नेहमीचं चूर्ण लागू पडेनासं झालं, तर त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

सोनामुखीच्या बाबतीत फार काही बिघडत नाही. पण हाच प्रकार हृदयाच्या, रक्त पातळ करणाऱ्या, कंपवाताच्या, कॅन्सरच्या आणि किडनी प्रत्यारोपणानंतरच्या काही औषधांबाबतही घडतो, आणि तिथे थोडाही फरक महागात पडतो. हा लेख प्रामुख्याने अशी औषधं घेणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या गोळ्यांचा डबा भरणाऱ्या घरच्यांसाठी आहे. वर्षातून दोनदा तापाची गोळी घेणाऱ्यांनी हे सगळं मनावर घेण्याचं कारण नाही.

एक आकडा आधी सांगून टाकतो, कारण तो नेहमी चुकीचा सांगितला जातो. शरीरातले जिवाणू आपल्या पेशींच्या दहापट असतात, असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये नीट हिशेब मांडला, तेव्हा जिवाणू साधारण 38 लाख कोटी निघाले, म्हणजे आपल्या पेशींच्या जवळपास बरोबरीचे. सगळ्यांचं मिळून वजन जेमतेम 200 ग्रॅम. बहुतेकांचा मुक्काम मोठ्या आतड्यात. दहापट नसले तरी त्यांचं रसायनशास्त्र यकृताच्या तोडीचं आहे.

आपण औषधाचा हिशेब करतो तो यकृत आणि किडनीपुरता. डॉक्टर लिव्हर आणि क्रिएटिनिनची तपासणी सांगतात ती त्यासाठीच. गोळी पोटात विरघळते, लहान आतड्यातून रक्तात जाते, तिथून यकृतात, आणि यकृत तिच्यात बदल करून तिला लघवीच्या किंवा पित्ताच्या वाटेने बाहेर काढायची तयारी करतं. या वाटेवर जिवाणू दोन ठिकाणी भेटतात. एकदा गोळी खाली उतरताना, रक्तात जायच्या आधी. दुसऱ्यांदा, यकृताने पित्तातून परत आतड्यात सोडलेलं औषध मोठ्या आतड्याकडे येतं तेव्हा.

काही औषधं जिवाणूंच्या भरवशावरच बनली आहेत

जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल या लाल रंगाच्या रसायनाचा जंतुसंसर्गावरचा गुण दाखवला आणि 1935 मध्ये तो जाहीर केला. गंमत अशी की परीक्षानळीत हे औषध जंतूंचं काहीच वाकडं करत नव्हतं. आजारी उंदराला दिलं की मात्र उंदीर वाचायचा. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या संशोधकांनी कोडं सोडवलं: शरीरात गेल्यावर प्रॉन्टोसिलचे दोन तुकडे होतात आणि त्यातला एक तुकडा, सल्फॅनिलमाइड, हे खरं औषध असतं. हे तुकडे करण्यात आतड्यातल्या जिवाणूंचा मोठा हात असतो, हे पुढे कळलं. सल्फा औषधांचं सगळं घराणं त्यातून उभं राहिलं.

त्याच धाटणीचं एक औषध आजही आपल्याकडे रोज लिहिलं जातं. सल्फासॅलाझिन. संधिवाताला देतात आणि आतड्याला व्रण पडण्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारातही देतात. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचे दोन भाग करतात. एक भाग आतड्याच्या अस्तरावर काम करतो, दुसरा रक्तात जातो. इथे जिवाणूंचं काम आधीपासून धरूनच औषधाची आखणी झाली आहे. बद्धकोष्ठ आणि यकृताच्या आजारात देतात त्या लॅक्टुलोजच्या पातळ औषधाचंही तसंच. आपल्याला ते पचतच नाही, जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून गुण येतो. सुरुवातीला पोटात गॅस होतो तो याच कामाचा. म्हणून दोन दिवसांत औषध बंद करू नका.

डिगॉक्सिन: जिथून हे प्रकरण गंभीर होतं

हृदयाची ताकद कमी झालेल्या किंवा ठोके अनियमित झालेल्या काही रुग्णांना डिगॉक्सिन देतात. छोटीशी गोळी, डोस मायक्रोग्रॅममध्ये. गुण येण्याची पातळी आणि विषबाधेची पातळी यांत अंतर फार थोडं. या औषधाबद्दल एक विचित्र गोष्ट पूर्वीपासून दिसत होती: काही रुग्णांना इतरांपेक्षा बरेच जास्त डोस लागायचे.

अमेरिकेतले जॉन लिंडेनबाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये याचा उलगडा केला. साधारण दहापैकी एका रुग्णाच्या आतड्यातले जिवाणू डिगॉक्सिनचा मोठा भाग निकामी करून टाकत होते. अशा माणसाला एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिनसारखं अँटिबायोटिक दिलं की हे काम थांबायचं आणि रक्तातलं डिगॉक्सिन वाढायचं, काहींत अगदी दुपटीपर्यंत. म्हणजे डोस तोच, गोळी तीच, माणूस तोच, आणि खोकल्यासाठी घेतलेल्या दुसऱ्याच औषधामुळे पहिलं औषध विषारी पातळीकडे निघालं. यातला मुख्य जिवाणू आज एगर्थेला लेंटा या नावाने ओळखला जातो. डिगॉक्सिन निकामी करणारी त्याची जनुकं अमेरिकेतल्याच पीटर टर्नबॉ यांच्या गटाने 2013 मध्ये शोधून काढली. त्यांनी आणखी एक दाखवलं: प्रथिनांमधलं आर्जिनिन हे द्रव्य भरपूर असलं की ही जनुकं थंड पडतात. हा आहाराचा परिणाम दिसला तो उंदरांत. तेवढ्यावरून डिगॉक्सिन घेणाऱ्या आजोबांना अंडी वाढवायला सांगणं हा आगाऊपणा होईल.

आपल्यासाठी याहून रंजक काम 1989 मध्ये प्रसिद्ध झालं, आणि ते वेल्लोरच्या माथन यांनी लिंडेनबाम यांच्याबरोबर केलं होतं. न्यूयॉर्कच्या रहिवाशांपैकी साधारण एकतृतीयांश लोकांच्या आतड्यात डिगॉक्सिन कमी-अधिक प्रमाणात निकामी होत होतं. दक्षिण भारतीयांत हे प्रमाण 14 टक्क्यांच्या आसपास. त्यातही शहरात राहणाऱ्यांत जास्त, खेड्यात राहणाऱ्यांत बरंच कमी. एकाच प्रदेशातले लोक, पण राहणी बदलली तसं आतड्यातलं रसायन बदललं. परदेशात ठरलेला डोस आपल्याला जसाच्या तसा लागू पडतो का, ही शंका डॉक्टरांना पडते तेव्हा त्यात वंशाइतकाच आतड्यातल्या या वस्तीचाही विचार करावा लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंचा अभ्यास केला तेव्हा प्रिव्होटेला या गटाचं प्राबल्य त्यांना ठळकपणे दिसलं. पाश्चात्त्यांच्या आतड्यात सहसा दुसऱ्या गटांचा वरचष्मा असतो.

डिगॉक्सिन घेणाऱ्याने व्यवहारात काय करायचं? कोणतंही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना कळवायचं. क्लॅरिथ्रोमायसिनबाबत तर नक्कीच, कारण ते डिगॉक्सिनला शरीराबाहेर नेणाऱ्या वाहतुकीतही आडवं येतं. भूक मरणं, मळमळ, दिसताना पिवळट-हिरवट झाक, नाडी मंद होणं ही डिगॉक्सिन जास्त झाल्याची लक्षणं. वयस्क माणसाची भूक गेली की आपण ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो. डिगॉक्सिन चालू असेल तर सोडू नका.

आणि ज्येष्ठमध. घसा बसला की आपण कांडी चघळतो, काही जण रोज काढ्यात घालतात. त्यातलं ग्लिसरायझिन तसं सहजी रक्तात जात नाही. आतड्यातले जिवाणू त्याचा साखरेचा भाग तोडतात आणि उरलेलं द्रव्य रक्तात जाऊन बीपी वाढवतं, पोटॅशियम कमी करतं. पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिनची विषबाधा लवकर होते. एखादा दिवस कांडी चघळल्याने काही होत नाही. रोजचा काढा मात्र बीपीच्या आणि हृदयाच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ‘ते काय, घरगुतीच आहे’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि ‘लूज मोशनची गोळी’

आपल्याकडे संधिज्वरामुळे हृदयाची झडप खराब झालेले, कृत्रिम झडप बसवलेले रुग्ण पुष्कळ आहेत, त्यात तरुणही आहेत. त्यांना वॉरफेरिन किंवा असिट्रॉम या नावाने ओळखली जाणारी असिनोकूमारॉल ही गोळी कायमची असते. ही औषधं व्हिटॅमिन के च्या कामात अडथळा आणतात, म्हणजे त्यांचा परिणाम शरीरात के किती आहे यावर अवलंबून. हे व्हिटॅमिन पालेभाज्यांतून मिळतं आणि थोडं आतड्यातले जिवाणूही बनवतात.

आता एक नेहमीचं दृश्य. जुलाब लागतात. घरातलं कोणीतरी मेडिकलमध्ये जातं आणि ‘लूज मोशनची गोळी द्या’ म्हणतं. पट्टीतून चार गोळ्या कापून मिळतात. त्या गोळीत बहुधा दोन औषधं एकत्र असतात: नॉरफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन, आणि जोडीला टिनिडाझोल, ऑर्निडाझोल किंवा मेट्रोनिडाझोल. हे शेवटचं घराणं यकृतात रक्त पातळ करणाऱ्या औषधाची विल्हेवाट रोखू शकतं, आणि त्यात मेट्रोनिडाझोल सर्वांत कुप्रसिद्ध आहे. त्यात आतड्यातले के बनवणारे जिवाणू मरतात, आणि आजारी माणूस जेवत नाही म्हणून भाजीतलं केही बंद. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढतात आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा, वर चढतो. यात यकृताचा वाटा सर्वांत मोठा आणि जिवाणूंचा त्याहून लहान असतो, पण हिरड्यांतून येणारं रक्त असा हिशेब ठेवत नाही.

म्हणून असिट्रॉम किंवा वॉरफेरिन घेणाऱ्याने अँटिबायोटिक सुरू झालं की तीन ते पाच दिवसांत आयएनआर तपासून घ्यावा आणि कोर्स संपल्यावर पुन्हा एकदा. काळी डांबरासारखी शौच, लाल लघवी, कारण नसताना निळे डाग, थांबत नसलेला घोळाणा यांपैकी काही दिसलं तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. को-ट्रायमॉक्साझोल हे जुनं सल्फा औषधही आयएनआर जोरात वाढवणाऱ्यांपैकी आहे.

पालेभाज्या पूर्ण बंद करण्याचा सल्ला काही घरांत चालतो. तो चुकीचा आहे. भाजी खा, पण दर आठवड्याला साधारण सारखी खा. नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा-वरई आणि दसऱ्यानंतर पुन्हा मेथी-पालक, असा झोका आयएनआरला झेपत नाही. उपवास करायचाच असेल तर आधी सांगून करा, म्हणजे तपासणीची तारीख त्याप्रमाणे ठरवता येते.

कंपवात, कॅन्सर, प्रत्यारोपण

कंपवातात लेव्होडोपा देतात. ते मेंदूत पोचून तिथे त्याचं डोपामिन व्हायला हवं. वाटेतच डोपामिन झालं तर उपयोग नाही, कारण डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. म्हणून गोळीत कार्बिडोपा मिसळलेलं असतं. ते आपल्या शरीरातल्या विकराला वाटेत काम करू देत नाही. 2019 मध्ये हार्वर्डच्या एमिली बाल्स्कस यांच्या गटाने आणि नेदरलँड्समधल्या दुसऱ्या गटाने दाखवून दिलं की एन्टेरोकॉकस फीकॅलिस हा आतड्यातला जिवाणू हेच काम स्वतःच्या विकराने करतो, आणि कार्बिडोपा त्याला फारसं रोखू शकत नाही. जिवाणूच्या विकराला अडवणारं औषध अजून दुकानात मिळत नाही. म्हणून या माहितीचा उपयोग मर्यादित आहे: डोस लागू पडेनासा झाला तर रुग्ण वेळा चुकवतोय असं गृहीत धरून त्याच्यावर रागावू नका. गोळीची वेळ, जेवणाची वेळ आणि हालचाल सुटी झाली ती वेळ, एवढं आठवडाभर वहीत लिहा आणि वही न्यूरॉलॉजिस्टसमोर ठेवा. जिवाणूंपेक्षा सोपं कारणही बहुतेक वेळा त्यात सापडतं. प्रथिनं लेव्होडोपाशी शोषणासाठी स्पर्धा करतात, त्यामुळे डाळ-पनीरच्या जेवणाबरोबर घेतलेली गोळी कमी पडते. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घेतलेली बरी.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये देतात ते इरिनोटिकॅन हे दुसऱ्या प्रकारचं उदाहरण. यकृत त्याच्या जहाल रूपावर साखरेसारखा एक रेणू चिकटवून त्याला निरुपद्रवी करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. तिथले जिवाणू तो रेणू खायला म्हणून तोडून घेतात. झाकण उघडल्यासारखं जहाल औषध पुन्हा मोकळं होतं आणि आतड्याचं अस्तर भाजतं. जुलाब कधी कधी इतके की उपचार थांबवावे लागतात. हे औषध चालू असलेल्याने पहिल्याच पातळ शौचाला डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं औषध घ्यावं आणि फोन करावा. ‘उद्या सकाळपर्यंत बघू’ असं म्हणू नये.

कॅन्सरवरच्या इम्युनोथेरपीबाबत गेल्या काही वर्षांत एक वेगळीच गोष्ट पुढे आली आहे. उपचाराच्या सुमारास अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णांत गुण कमी आढळला, असं अनेक निरीक्षणांत दिसलं. 2021 मध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या रुग्णांवरच्या एका अभ्यासात आहारात पुरेसा तंतू असलेल्यांना जास्त फायदा झाला आणि दुकानातल्या प्रोबायोटिक कॅप्सूल घेणाऱ्यांना काही जादा मिळालं नाही, उलट थोडं कमीच. शेवटचा शब्द अजून कोणी बोललेलं नाही. पण इम्युनोथेरपी चालू असताना शेजाऱ्याच्या सांगण्यावरून प्रोबायोटिकची बाटली घरात आणू नये, इतकं म्हणायला एवढं पुरे आहे.

किडनी किंवा यकृत प्रत्यारोपण झालेल्यांच्या घरी हे ठळक अक्षरांत लिहून ठेवा: जुलाब म्हणजे औषधाची पातळी बदलली. टॅक्रोलिमसची पातळी जुलाबात वाढते, कारण त्याला अडवणारं आतड्याचं अस्तरच कमजोर पडतं. मायकोफेनोलेटचं उलटं. त्याचा काही भाग पित्तातून आतड्यात येतो, जिवाणू त्याला मोकळं करतात आणि तो पुन्हा शोषला जातो. जुलाबांसाठी घेतलेल्या अँटिबायोटिकने जिवाणू मारले की हा दुसरा फेरा बंद पडतो आणि रक्तातली पातळी उतरते. एकाच माणसाच्या दोन गोळ्या दोन दिशांना जातात. हे घरी बसून सांभाळायचं काम नव्हे.

हे प्रकरण किती हाताबाहेर जाऊ शकतं, ते जपानने 1993 मध्ये पाहिलं. नागिणीवरचं सोरिव्हुडिन हे नवं औषध बाजारात आलं. आतड्यातले जिवाणू त्याच्यापासून एक असं द्रव्य बनवत, की त्यामुळे फ्लुओरोयुरॅसिल या घराण्यातल्या कॅन्सरच्या औषधांची विल्हेवाटच थांबायची. दोन्ही औषधं एकत्र घेतलेले डझनाहून अधिक रुग्ण काही आठवड्यांत दगावले. औषध मागे घेतलं गेलं.

काही समज, आणि ते कितपत खरे

गर्भनिरोधक गोळी अँटिबायोटिकमुळे निकामी होते, असं अनेक वर्षं डॉक्टरही सांगत. आधार हाच होता: जिवाणू मेले की पित्तातून आलेलं संप्रेरक पुन्हा शोषलं जात नाही. तर्क ठीक होता, पण प्रत्यक्षात नेहमीच्या अँटिबायोटिकांबाबत तसं सिद्ध झालं नाही. अपवाद टीबीवरच्या रिफॅम्पिसिनचा. ते यकृताचा वेग वाढवतं आणि गोळी खरोखर कुचकामी करतं. टीबीचे उपचार चालू असलेल्या स्त्रीने दुसरं साधन वापरलंच पाहिजे. जोराच्या उलट्या-जुलाबांतही गोळीचा भरवसा धरू नये.

अँटिबायोटिकबरोबर दही खा, हा सल्ला तर सर्रास मिळतो. दही चांगलं, वेळ चुकीची. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन दुधा-दह्यातल्या कॅल्शियमला चिकटून बसतात आणि नीट शोषले जात नाहीत. गोळी घेतल्यावर निदान दोन तास दूध-दही नको. आधी खाल्लं असेल तर आणखी जास्त थांबायचं, आणि ते अंतर फार्मासिस्टला विचारून घ्यायचं. अ‍ॅमॉक्सिसिलिनला ही अडचण नाही. इसबगोलाचंही लक्षात ठेवा. ते इतर गोळ्यांना आपल्या गोळ्यात गुंडाळून घेतं, म्हणून दोन्हींत दोनेक तासांचं अंतर.

प्रोबायोटिक कॅप्सूल प्रत्येक अँटिबायोटिकच्या चिठ्ठीवर आता जवळपास छापूनच येतात. अँटिबायोटिकने होणारे जुलाब काहींच्या बाबतीत त्यांनी कमी होतात, हे खरं. पण मूळची वस्ती परत लवकर वसते, हे खरं नाही. वाइझमन संस्थेने 2018 मध्ये एका छोट्या अभ्यासात पाहिलं, तर कॅप्सूल घेणाऱ्यांच्या आतड्यात आपले जुने जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. प्रतिकारशक्ती खूप घटलेल्यांना, आयसीयूतल्या रुग्णांना या कॅप्सूलमधल्या यीस्टने रक्तात संसर्ग झाल्याच्याही नोंदी आहेत. त्यामुळे डॉक्टरांनी दिल्या तर घ्या. स्वतःहून महिनोन्‌महिने घेण्यात पैशाखेरीज काही कमी होत नाही.

घरी नमुना घेऊन कुरिअरने पाठवायच्या ‘मायक्रोबायोम टेस्ट’चा धंदाही आता जोरात आहे. रंगीत अहवाल येतो, टक्केवारी येते. त्यावरून तुमच्या बीपीच्या किंवा शुगरच्या गोळीचा डोस ठरवता येईल अशी स्थिती आज नाही. येल विद्यापीठातल्या प्रयोगात 2019 मध्ये 271 तोंडी औषधं 76 जिवाणूंसमोर ठेवली, तेव्हा सुमारे दोनतृतीयांश औषधांत कुठल्या ना कुठल्या जिवाणूने बदल घडवला. 2021 मध्ये किरण पाटील आणि सहकाऱ्यांना असं आढळलं, की काही जिवाणू औषधाला हातही न लावता नुसतं स्वतःत साठवून ठेवतात. नैराश्यावरचं ड्युलॉक्सेटिन हे त्यातलं एक. पण हे प्रयोगशाळेतल्या भांड्यातलं. तिथून रुग्णाच्या चिठ्ठीपर्यंत यायला वेळ आहे. तोवर ते पैसे आयएनआर किंवा क्रिएटिनिनच्या तपासणीवर खर्च करा.

उलट दिशेची बाब मात्र आजच कामाची आहे: औषधंही जिवाणूंना बदलतात, आणि ती फक्त अँटिबायोटिकच नव्हेत. हायडलबर्गच्या युरोपीय प्रयोगशाळेने 2018 मध्ये हजाराहून अधिक औषधं 40 जिवाणूंवर तपासली. माणसासाठी बनवलेल्या, जिवाणूंशी काही संबंध नसलेल्या औषधांपैकी जवळपास एक चतुर्थांश औषधांनी कुठला तरी जिवाणू रोखला. आपल्याकडे यात सर्वांत बोकाळलेली गोळी अ‍ॅसिडिटीची. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि वर्षानुवर्षं घेत राहायची. पोटातलं आम्ल कमी झालं की तोंडातले जिवाणू जिवंत खाली उतरून आतड्यात ठाण मांडतात. क्लॉस्ट्रिडियम डिफिसील या जिवाणूच्या चिवट जुलाबांचा धोकाही वाढतो. ही गोळी वाईट नाही. अल्सरमध्ये किंवा अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला ती जीव वाचवते. पण ‘लग्नातलं जेवण होतं म्हणून’ सुरू झालेली आणि मग कोणी थांबवलीच नाही अशी ती हजारो डब्यांत आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा, ही अजून लागते का? एकदम बंद केली तर काही दिवस जळजळ उफाळते, म्हणून कमी करत बंद करायची.

मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींना सुरुवातीला पोट बिघडल्यासारखं होतं, त्यातही जिवाणूंच्या वस्तीतल्या बदलांचा वाटा असावा. जेवणाबरोबर घेतली, हळूहळू डोस वाढवला किंवा सावकाश विरघळणारी गोळी घेतली की बहुतेकांचं निभतं. या त्रासापायी गोळी सोडू नका.

जिवाणूंसाठी वेगळं काही करायचं असेल तर ते जेवणात करा. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालासकटच्या डाळी, मटकी-मुगाची उसळ, भाज्या. ताक रोज प्यायलं तर चांगलंच. इडली-डोसा आंबवलेला असला तरी वाफेवर आणि तव्यावर त्यातले जिवाणू मरतात, आणि आपलं तेलातलं कैरीचं लोणचं म्हणजे प्रोबायोटिक नव्हे, हेही सांगून टाकतो.

शेवटी काम एवढंच उरतं. घरात जो औषधांची यादी सांभाळतो, त्याने यादीच्या खाली एक ओळ वाढवावी: गेल्या तीन महिन्यांत घेतलेली अँटिबायोटिकं, कोणती आणि किती दिवस. डॉक्टर विचारत नाहीत, कारण त्यांना वाटतं रुग्ण सांगेल. रुग्ण सांगत नाही, कारण त्याला वाटतं ते तर संपलं. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ती गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते, एवढी खूण लक्षात ठेवली तरी अनेक अँटिबायोटिकं ओळखता येतात. आणि घरात डिगॉक्सिन, असिट्रॉम, वॉरफेरिन किंवा प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या चालू असताना जुलाब लागले, तर मेडिकलच्या काउंटरवर जाण्याआधी ती गोळी ज्यांनी लिहिली त्या डॉक्टरांना फोन करा.